पुसून टाकलेलं पाणी

समुद्रतळाखालच्या थरांचं सायस्मिक चित्र पाहिलंत तर त्याच्या वरच्या भागात एक कोरी पट्टी दिसेल. खाली थरांवर थर असतात, कुठे वाकलेले, कुठे तुटलेले. त्यांच्यावर समुद्रतळाची ठसठशीत काळी रेघ असते. त्या रेघेच्या वर मात्र नुसता पांढरा कागद. ही कोरी जागा म्हणजे समुद्राचं पाणी. पाण्यात काय दिसणार, असं समजून आपली नजर सरळ खाली उतरते. माझीही बरीच वर्षं तशीच उतरत होती. ती जागा मुळात कोरी नसते, मागाहून कोरी केली जाते, हे कळल्यावर मी तिच्या मागे लागलो.

माझं शिक्षण वाणिज्य शाखेचं. भूभौतिकी शिकलो ती ग्रंथालयातली पुस्तकं, प्रसिद्ध शोधनिबंध आणि कांदिवलीच्या घरातला एक जुना संगणक यांच्या आधाराने. त्यामुळे हा विषय समजून घेताना मी कुठे कुठे अडखळलो, ते अजून आठवतं. त्याच क्रमाने तो इथे मांडतो.

हाक आणि प्रतिध्वनी

मुंबईकरांना हा विषय परका वाटायचं कारण नाही. १९६०च्या दशकात ‘अकादमिक अर्खांगेल्स्की’ या सोव्हिएत जहाजाने खंबातचं आखात आणि मुंबईसमोरचा समुद्र यांचं सायस्मिक सर्वेक्षण केलं. त्या नोंदींमध्ये मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, तळाखाली, थरांचा एक प्रचंड उंचवटा दिसला. ‘बॉम्बे हाय’ या नावातला ‘हाय’ तो हाच. फेब्रुवारी १९७४मध्ये ‘सागर सम्राट’ने तिथे खणलं आणि तेल लागलं. मे १९७६मध्ये उत्पादन सुरू झालं. सर्वेक्षणाने तेल दाखवलं नव्हतं, कुठे खणावं ती जागा दाखवली होती.

पद्धत तत्त्वतः साधी आहे. विहिरीच्या काठावर उभं राहून हाक मारली तर प्रतिध्वनी किती वेळाने आला यावरून पाणी किती खोल आहे याचा अंदाज येतो. इथे हाक मारते ती एअरगन. वातावरणाच्या सुमारे १४० पट दाबाने कोंडलेली हवा ती पाण्याखाली एकदम सोडते. त्यातून धीरगंभीर आवाज निघतो, साधारण दहा ते शंभर हर्ट्‌झचा. जहाजामागे कित्येक किलोमीटर लांबीची एक जाड केबल ओढली जाते. तिला स्ट्रीमर म्हणतात. तिच्यात शेकडो हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातले मायक्रोफोन, बसवलेले असतात. ते परत आलेला आवाज टिपतात. जहाज ताशी आठ-नऊ किलोमीटरच्या संथ गतीने चालत राहतं आणि दर २५ किंवा ५० मीटरला एक धमाका होतो.

प्रतिध्वनी कुठून येतो? पदार्थाची घनता आणि त्यातला ध्वनीचा वेग यांचा गुणाकार जिथे बदलतो, तिथून. बदल मोठा असेल तर प्रतिध्वनी मोठा, लहान असेल तर लहान. समुद्राच्या पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,५०० मीटर असतो. मऊ चिखलातही वेग जवळपास तेवढाच असतो, कारण अशा चिखलात निम्म्याहून अधिक पाणीच असतं. फरक पडतो तो मुख्यतः घनतेमुळे. मी गणित केलं तेव्हा मऊ चिखलाच्या तळावरून परतणारा आवाज पाठवलेल्या आवाजाच्या साधारण एकपंचमांश निघाला. म्हणजे हजार भाग पाठवले तर दोनशे भाग परत येतात. हा दोनशेचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

चिखल काय सांगतो

चारकोपच्या खाडीकाठी ओहोटीच्या वेळी थोडं थांबलात तर चिखलातून मधूनच बुडबुडे येताना दिसतात. कुजणाऱ्या पानापाल्यातून तयार झालेला हा वायू, त्यात मिथेन असतो. हीच गोष्ट किनाऱ्यापुढच्या समुद्रतळाच्या चिखलातही घडते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी पश्चिम किनाऱ्यालगतच्या उथळ तळात असा वायूभरला गाळ नोंदवला आहे. चिखलात अगदी थोडा वायू मिसळला तरी ध्वनीचा वेग कोसळतो, आवाज विखुरतो, आणि त्याखालचं सगळं चित्र पडदा टाकल्यासारखं पुसट होतं. तज्ज्ञाच्या दृष्टीने हा पडदा हीच माहिती असते: इथे वायू आहे, इथे खांब रोवताना किंवा नळ टाकताना जपा.

खोल समुद्रात गाळ याहून मोठ्या गोष्टी सांगतो. मुंबईच्या पश्चिमेला, खंडान्त उताराच्या पलीकडे, लक्ष्मी खोरं नावाचा समुद्रतळाचा भाग आहे. तिथल्या सायस्मिक छेदांमध्ये एका पट्ट्यात नेहमीचे समांतर थर दिसतच नाहीत. नुसता गोंधळ दिसतो, जसा काही कोणी थरांचा ढीग उचलून उलथा केला आहे. ही प्राचीन काळची एक महाकाय दरड होती. तिला ‘नटराज’ हे नाव मिळालं. तिचं आकारमान सुमारे १९,००० घन किलोमीटर असल्याचा अंदाज २०१५मध्ये प्रसिद्ध झाला. एवढा माल महाराष्ट्रभर सारखा पसरला तर साठ मीटर जाडीचा थर होईल. त्याच वर्षी ‘जॉइडीस रिझोल्यूशन’ या खोदकाम करणाऱ्या जहाजाने किनाऱ्यापासून पावणेपाचशे किलोमीटरवर, साडेतीन किलोमीटरहून खोल पाण्यात दोन ठिकाणी भोकं पाडून या दरडीचे नमुने वर आणले. एका ठिकाणी तिची जाडी ३३० मीटरच्या आसपास निघाली, दुसऱ्या ठिकाणी १९०. ही दरड सुमारे एक कोटी आठ लाख वर्षांपूर्वी कोसळली असं त्यातून ठरलं.

मात्र नोंद नेहमी खरं बोलते असं नाही. गॅस हायड्रेट, म्हणजे थंडी आणि दाब यांमुळे पाण्याच्या बर्फासारख्या जाळीत अडकलेला मिथेन, शोधण्यासाठी २००६मध्ये याच जहाजाने भारताभोवती मोहीम केली. केरळ-कोकण खोऱ्यात सायस्मिक नोंदीवरून निवडलेल्या जागी खणलं, पण हायड्रेट मिळालं नाही. पुढे कृष्णा-गोदावरी खोऱ्यात आणि अंदमानजवळ ते मिळालं. नोंद अंदाज देते, खात्री नमुना देतो. पाण्याबद्दल बोलतानाही हा नियम विसरून चालत नाही.

हजारात एक

आता त्या कोऱ्या पट्टीकडे येऊ. पाण्याच्या पोटातही थर असतात. वर उबदार, खाली थंड. कुठे जास्त खारं, कुठे कमी. तापमान एका अंशाने वाढलं तर पाण्यातला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे तीन मीटरने वाढतो. क्षारता दर किलोला एक ग्रॅमने वाढली तर साधारण सव्वा मीटरने वाढतो. म्हणजे दोन थरांमध्ये एका अंशाचा फरक असेल, आणि तो दहाएक मीटरच्या आत पडत असेल, तर तिथूनही प्रतिध्वनी यायला हवा. किती? गणित सांगतं, हजारात एक भाग. चिखलाच्या तळाच्या दोनशे भागांपुढे एक.

हा एक भाग ऐकू येणार कसा? यावरचा उपाय तेलवाल्यांनी वेगळ्याच कारणासाठी शोधून ठेवला होता. समजा स्ट्रीमरवर साडेबारा मीटर अंतराने ४८० ठिकाणी ऐकण्याची सोय आहे आणि दर ५० मीटरला धमाका होतो आहे. मग तळाखालच्या प्रत्येक बिंदूचा प्रतिध्वनी साठ वेगवेगळ्या जोड्यांमधून नोंदला जातो. या साठ नोंदी वेळेच्या हिशेबाने जुळवून बेरीज केली की खरा प्रतिध्वनी साठपट होतो, पण बेशिस्त गोंगाट जेमतेम आठपट वाढतो. कुजबूज अशी गर्दीतून वर येते.

पण ही कुजबूज कोणाला नको होती. पाण्याच्या भागात जहाजाचा आवाज असतो, लाटांचा असतो, आणि एअरगनकडून सरळ स्ट्रीमरकडे आलेला पहिला जोरदार धक्का असतो. चित्र स्वच्छ दिसावं म्हणून नोंदींवर प्रक्रिया करताना तळाच्या आधी आलेलं सगळं शून्य करून टाकतात. या पायरीचं नाव म्यूट. टीव्हीचा आवाज बंद करावा तसं पाण्याचं बोलणं बंद केलं जातं. यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. तेल खाली होतं, म्हणून लक्षही खाली होतं.

पाण्यातल्या रेघा दिसल्याची नोंद फ्रेंच संशोधकांनी १९८८मध्येच पूर्व अटलांटिकमधून केली होती. तिच्याकडे फारसं लक्ष गेलं नाही. मग ऑगस्ट २००३मध्ये वायोमिंग विद्यापीठाचे स्टीव्हन होलब्रूक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध ‘सायन्स’मध्ये आला. कॅनडाच्या न्यूफाउंडलंडजवळ २०००मध्ये खडकांसाठी केलेल्या सर्वेक्षणाच्या नोंदींतलं पाणी त्यांनी म्यूट न करता पाहिलं. लॅब्राडोरचा थंड प्रवाह आणि उत्तर अटलांटिकचा उबदार प्रवाह जिथे भेटतात, तिथले तिरके, एकमेकांत घुसलेले थर कित्येक किलोमीटरपर्यंत सलग दिसले. पुढच्याच वर्षी नॉर्वेच्या समुद्रात जहाजावरून तापमापक सोडून पडताळणी झाली. तिथे अंशाच्या तीनशतांश एवढ्या फरकाचे थरही सायस्मिक चित्रात उमटले होते. या शाखेला आता ‘सायस्मिक ओशनोग्राफी’ म्हणतात. भारतीय संशोधकांनीही कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या नोंदींमधली पाण्याची परावर्तनं दाखवणारा निबंध २०१६मध्ये प्रसिद्ध केला.

यात नवं काय मिळालं ते तुलनेने कळेल. जहाज थांबवून तापमापक खोल सोडायचा, वर घ्यायचा, मग पुढच्या ठिकाणी जायचं, अशा मोजणीत दोन ठिकाणांमध्ये बहुधा कित्येक किलोमीटर अंतर राहतं. आपोआप बुडून वर येणारे आर्गो तरंगक आज जगभर आहेत, पण दोन तरंगकांमध्ये सरासरी तीनशे किलोमीटर अंतर असावं अशी ती योजना आहे. सायस्मिक नोंद मात्र दर काही मीटरला एक उभा काप देते. तापमापक नेमका आकडा देतो, सायस्मिक नोंद आकार देते. दोन्ही एकत्र आले तर पाण्यात भोवरा कुठे आहे, थर कुठे फाटतो, आतल्या लाटा कुठे फुटतात, हे दिसतं. समुद्रात उष्णता वरून खाली कशी मिसळते हा हवामानशास्त्रातला कळीचा प्रश्न आहे, आणि ती मिसळते ती नेमकी अशाच जागी.

माझी चूक

खुल्या संग्रहातली खोल पाण्याची एक नोंद उतरवून घेऊन, म्यूटची पायरी वगळून, पहिल्यांदा बेरीज केली ती रात्र माझ्या लक्षात आहे. सुमारे एक किलोमीटर खोलीवर एक सुरेख, सलग, हलकी उतरती रेघ आली. मी पहाटेपर्यंत तिच्याकडे पाहत बसलो. दोन दिवस मी मनातल्या मनात निबंध लिहीत होतो.

तिसऱ्या दिवशी कागदावर हिशेब मांडला. तळ चार किलोमीटर खोल. आवाजाला जाऊन यायला ५.३३ सेकंद. पण आवाज एकदाच जाऊन थांबत नाही. तो पृष्ठभागावर आपटून पुन्हा तळाशी जातो, पुन्हा येतो. त्याची चौथी खेप २१.३३ सेकंदांनी परतते. धमाके होत होते दर वीस सेकंदांनी. म्हणजे आधीच्या धमाक्याची चौथी खेप पुढच्या धमाक्यानंतर १.३३ सेकंदांनी, बरोबर एक किलोमीटर खोलीच्या जागी येऊन बसली होती. माझी रेघ पाण्याची नव्हती, तळाचीच होती, शिळ्या आवाजातली. तळाला जिथे चढ होता तिथे माझ्या रेघेलाही चढ होता, आणि तोही चौपट. हे पहिल्या रात्रीच दिसायला हवं होतं.

हे सांगतो ते एवढ्यासाठी की म्यूट काढलं की समुद्र बोलू लागतो, असं हे सोपं नाही. धमाक्यांमधलं अंतर, स्ट्रीमरची खोली, जहाजाची नेमकी जागा, त्या दिवशी सोडलेल्या तापमापकाची नोंद, हे सगळं सोबत असेल तरच खरी रेघ आणि शिळी रेघ वेगळी करता येते. त्या नोंदीत पुढे खऱ्या रेघाही सापडल्या. त्या फिक्या होत्या, तुटक होत्या, आणि तळाशी त्यांचं काही नातं नव्हतं.

आपल्या समुद्रात

अरबी समुद्र या कामासाठी फार चांगला आहे, कारण त्याच्या पोटात निरनिराळ्या ठिकाणांहून आलेलं पाणी थराथराने पसरलेलं असतं. उत्तरेकडे हिवाळ्यात बाष्पीभवनाने खारट झालेलं पाणी गार होऊन बुडतं आणि दक्षिणेकडे सरकतं. त्याखाली, साधारण दोनशे ते चारशे मीटरवर, पर्शियन आखातातून होर्मुझमार्गे आलेलं खारट पाणी असतं. त्याहून खाली, पाचशे ते आठशे मीटरच्या दरम्यान, तांबड्या समुद्राचं पाणी. जिथे उबदार-खारट पाणी थंड-कमी खारट पाण्यावर बसतं, तिथे एक गंमत घडते. उष्णता मिठापेक्षा सुमारे शंभरपट वेगाने पसरते. त्यामुळे वरचं पाणी उष्णता गमावतं पण मीठ राखतं, जड होतं आणि बोटांएवढ्या बारीक धारांनी खाली उतरतं. अशा मिसळण्यातून पायऱ्यांसारखे थर तयार होऊ शकतात, आणि पायरी म्हणजेच प्रतिध्वनीची जागा.

मर्यादाही सांगायला हव्यात. मुंबईसमोरची समुद्रबूड जमीन फार रुंद आहे, तीनशे किलोमीटरच्या घरात. मुंबई हायला पाणी साधारण ७५ मीटर. तिथे तळाचा प्रतिध्वनी दहाव्या हिश्शाच्या सेकंदात परततो, आणि त्याच सुमारास सरळ आलेला पहिला धक्का स्ट्रीमरवर आदळत असतो. शिवाय तीस हर्ट्‌झच्या आवाजाची एक लहरच पन्नास मीटर लांब. असल्या उथळ पाण्यात जुन्या पद्धतीच्या नोंदींतून थर वेगळे करणं जमत नाही. वादळांना बळ देणारं अगदी वरचं उबदार पाणीही याच कारणाने निसटतं. हे काम खंडान्त उतारावर आणि त्यापलीकडे चालतं. तिथे सर्वेक्षणं झालेली आहेत.

दुसरी एक बाब. एअरगनचा आवाज पाण्यात फार दूर जातो आणि त्याचा देवमाशांना त्रास होतो. अरबी समुद्रातले कुबड देवमासे तर संख्येने फार थोडे उरले आहेत. केवळ पाणी पाहण्यासाठी नवे धमाके करा, असं मी म्हणणार नाही. धमाके आधीच झालेले आहेत. त्यांची किंमत समुद्राने चुकवलेली आहे. त्या नोंदींतून मिळेल तेवढं घ्यावं, एवढंच.

खडक थांबतो, पाणी थांबत नाही

काही वर्षांपूर्वी मी एका कार्यालयात अशा जुन्या सर्वेक्षणाची चौकशी करायला गेलो होतो. तिथल्या अधिकाऱ्यांनी अगत्याने बसवलं, चहा दिला. प्रक्रिया केलेले अंतिम छेद आहेत, म्हणाले, पण मूळ चुंबकीय फिती जागेअभावी काढून टाकल्या. मग खरंच नवल वाटून त्यांनी विचारलं, “साहेब, वरचं पाणी कशाला हवंय तुम्हाला? तेल तर खाली आहे.”

त्यांचं उत्तर मला तेव्हा नीट देता आलं नाही. आज देतो. तेल ज्या खडकात आहे तो खडक उद्याही तिथेच असेल. १९८५ची नोंद हरवली तर २०३५मध्ये पुन्हा घेता येईल, आणि ती अधिक चांगली निघेल. पाण्याचं तसं नाही. १९८५च्या जानेवारीत त्या उतारावर होर्मुझचं पाणी किती खोलीवर होतं, त्याची कड कुठे फाटली होती, हे पुन्हा कधीही मोजता येणार नाही. आर्गो तरंगक या शतकातले आहेत. त्याआधीच्या अरबी समुद्राच्या पोटातल्या मोजण्या विरळ आहेत. समुद्र तापतो आहे हे आपण म्हणतो, तेव्हा कशाच्या तुलनेत तापतो आहे हे सांगायला जुनी मोजणी लागते. तेलाच्या शोधात निघालेली जहाजं ती मोजणी नकळत करत होती.

फिती मात्र वाट पाहत नाहीत. चुंबकीय फितीवरचा लेप दमट हवेत ओलावा शोषतो, चिकट होतो आणि वाचताना खरवडला जातो. मुंबईची हवा कशी आहे हे सांगायला नको. हायड्रोकार्बन महासंचालनालयाची राष्ट्रीय डेटा रिपॉझिटरी २०१७पासून सुरू आहे, आणि सर्वेक्षणांच्या नोंदी एका जागी आणण्याची ती व्यवस्था आहे. माझी विनंती त्यातल्या एका तपशिलापुरती आहे. जुन्या फिती उतरवून घेताना अंतिम छेदावर समाधान मानू नये. म्यूट करण्याआधीची मूळ नोंद, तिच्यासोबत जहाजाची जागा आणि वेळ लिहिलेली वही, आणि तापमापकाचे आकडे असतील तर तेही, एकत्र ठेवावेत. खर्च फितीचा आहे, वाचण्याच्या यंत्राचा आहे, आणि तो तसाही होणारच आहे. त्यात वरचे चार सेकंद जास्तीचे.

ते चार सेकंद कोण वाचेल, हे आज सांगता येत नाही. १९६०च्या दशकात सोव्हिएत जहाजावरून मुंबईसमोरचा तळ ऐकणाऱ्यांनाही, त्याच यंत्रातून आपण पाणी ऐकतो आहोत हे ठाऊक नव्हतं. त्या उथळ पाण्याचं बोलणं गेलं ते गेलं. उतारापलीकडच्या खोल पाण्याचं मात्र कुठल्या तरी कपाटातल्या फितीवर अजून असेल. पुढच्या पावसाळ्याआधी ते कपाट कोणीतरी उघडावं.